घरावरून आणि घराजवळून जाणाऱ्या विजेच्या तारा : सुरक्षित अंतराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तार किती उंच असावी, हा प्रश्न बहुधा उशिरा विचारला जातो. घर बांधून झालेले असते, किंवा गच्चीवर आणखी एक खोली चढू लागलेली असते, आणि एके दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते की तार आता डोक्यावर नसून खांद्याच्या रेषेत आली आहे. अशा वेळी तारच खाली आली असे वाटते. पुष्कळदा ती होती तिथेच असते आणि घर तिच्याकडे चढत गेलेले असते. खालच्या सगळ्या उत्तरांत हा मुद्दा या ना त्या रूपाने येईल.

तारेच्या सुरक्षित उंचीचा एकच आकडा का सांगता येत नाही?

कारण उंची कशापासून मोजायची, हे जागेनुसार बदलते. मोकळ्या अंगणावरून जाणारी तार जमिनीपासून मोजतात, गच्चीवरून जाणारी तार गच्चीपासून मोजतात, आणि बाल्कनीच्या बाजूने जाणाऱ्या तारेच्या बाबतीत उंचीपेक्षा आडवे अंतर महत्त्वाचे ठरते. याशिवाय तारेतील विद्युतदाब किती आहे, ती उघडी आहे की इन्सुलेशन असलेली, आणि तिच्याखालून माणसे जातात की मालट्रक, यांवरही आकडा अवलंबून असतो. त्यामुळे ‘तार वीस फुटांवर आहे, म्हणजे ठीक’ हे विधान अपुरे आहे. रस्त्यापासून वीस फुटांवर असलेली तीच तार तळमजल्यावरच्या गच्चीपासून जेमतेम सात-आठ फुटांवर असू शकते.

जमिनीपासून साधारण किती उंची लागते?

देशोदेशीचे नियम वेगळे असले, तरी आकडे एकमेकांच्या आसपासच येतात. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक नियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतची वाहिनी रस्ता ओलांडत असेल तर तिची सर्वांत खालची तार जमिनीपासून किमान ५.८ मीटर, आणि रस्त्याच्या कडेने जात असेल तर किमान ५.५ मीटर उंच हवी. त्याहून अधिक दाबाच्या, म्हणजे ११ किंवा ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी हेच आकडे अनुक्रमे ६.१ आणि ५.८ मीटर आहेत. रस्ता सोडून इतरत्र, ११ किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारेला ४.६ मीटर आणि इन्सुलेशन असलेल्या तारेला ४ मीटर उंची लागते. २०२३ मध्ये या नियमांची नवी आवृत्ती आली. प्रत्यक्ष काम काढताना त्या वेळी लागू असलेला मजकूर समोर ठेवणे केव्हाही बरे.

ब्रिटनच्या २००२ च्या नियमांत ३३ किलोव्होल्टपर्यंतच्या उघड्या तारांना वाहनांच्या रस्त्यावर ५.८ मीटर आणि इतरत्र ५.२ मीटर अशी किमान उंची आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत खांबावरून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरचा स्वतंत्र विचार केला आहे. जिथे फक्त माणसे पायी वावरतात, अशा जागी आधारतारेवर (केबलचे वजन पेलणाऱ्या तारेवर) वळवलेल्या केबलला १० फूट, निवासी आवारावर आणि तिथल्या खासगी वाहनमार्गावर १२ फूट, आणि मालट्रक जाऊ शकतील अशा रस्त्यावर १८ फूट. हे सगळे आकडे किमान मर्यादेचे आहेत. तार नेमकी तेवढ्यावर ओढावी, असा त्यांचा अर्थ नाही.

छपरापासून आणि गच्चीपासून किती अंतर हवे?

भारतीय नियमांत ६५० व्होल्टपर्यंतची तार घरावरून जात असेल, तर छप्पर सपाट असो वा उतरते, तारेच्या बरोबर खालच्या सर्वोच्च बिंदूपासून उभे अंतर किमान २.५ मीटर, म्हणजे सव्वाआठ फुटांच्या आसपास असले पाहिजे. ६५० व्होल्टच्या वर आणि ३३ किलोव्होल्टपर्यंत हेच अंतर ३.७ मीटर होते. त्यापुढे दर ३३ किलोव्होल्टला किंवा त्याच्या भागाला ०.३ मीटरची भर पडते. या हिशोबाने १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीखाली ४.६ मीटर आणि २२० किलोव्होल्टच्या वाहिनीखाली ५.५ मीटर अंतर लागते.

येथे ‘सर्वोच्च बिंदू’ या शब्दांकडे दुर्लक्ष होते. गच्चीचा स्लॅब हा सर्वोच्च बिंदू नव्हे. जिन्याच्या खोलीचे छत, पाण्याची टाकी ठेवलेला कट्टा, कठडा, यांपैकी जे तारेखाली सर्वांत उंच असेल तिथून मोजायचे असते. कट्ट्यावर टाकी धुवायला माणूस चढतोच, आणि तो चढला की त्याची जमीन तिथे सुरू होते.

मुळात नियमांचा रोख अंतर राखून तार घरावरून न्यावी असा नाही. शक्य तोवर तार घरावरून जाऊच नये, आणि असलेल्या वाहिनीखाली नवे घर बांधूच नये, असा तो आहे. २.५ मीटरचा आकडा ही परवानगीची पाटी समजणे चूक आहे.

वीज खरोखर अडीच-तीन मीटर उडी मारते का?

नाही, आणि हा गैरसमज दूर होणे आवश्यक आहे, कारण तो दोन्ही बाजूंनी घातक आहे. काही जण तारेच्या सावलीलाही घाबरतात. काही जण ‘हात लावला नाही म्हणजे झाले’ असे म्हणून ११ किलोव्होल्टच्या तारेजवळ सळई नेतात.

समान विद्युतक्षेत्रात कोरड्या हवेचा एक सेंटिमीटरचा थर सुमारे ३० किलोव्होल्टपर्यंत तग धरतो. टोकदार वस्तूजवळ हवा त्याहून पुष्कळ आधी हार मानते. म्हणजे घरगुती दाबाची तार प्रत्यक्ष स्पर्श झाल्याशिवाय सहसा धक्का देत नाही, तर ११ किलोव्होल्टची तार काही सेंटिमीटरवरूनही ठिणगी टाकू शकते. मग नियमात मीटरचे आकडे का? कारण ते विजेच्या उडीवरून आलेले नाहीत, माणसाच्या आवाक्यावरून आलेले आहेत. मध्यम उंचीचा माणूस हात वर करून उभा राहिला की त्याची बोटे सव्वादोन मीटरच्या आसपास पोहोचतात. २.५ मीटरमधून तेवढे वजा केल्यास जे उरते ते एका वितीपेक्षा फार नाही. त्याच माणसाच्या हातात झाडू, छत्री किंवा पत्र्याची पट्टी आली की तेही संपते. नियम पाळला गेला असला तरी गच्चीवर लांब वस्तू उभी धरून वावरणे सुरक्षित होत नाही.

बाल्कनी आणि खिडकीच्या बाजूने जाणाऱ्या तारेचे काय?

माझ्या मते घराच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण छपरावर माणूस कधीमधी जातो, बाल्कनीत रोज उभा राहतो. बाजूने जाणाऱ्या तारेसाठी भारतीय नियमांत इमारतीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून आडवे अंतर ११ किलोव्होल्टपर्यंत किमान १.२ मीटर आणि ३३ किलोव्होल्टपर्यंत किमान २ मीटर आहे. अमेरिकन संहितेत उघडता येणारी खिडकी, दरवाजा, बाल्कनी, जिना यांपासून सर्व्हिस वायर तीन फूट दूर हवी. तार खिडकीच्या वरच्या कडेच्याही वरून जात असेल तर मात्र ही अट शिथिल होते, कारण माणूस खिडकीतून खाली आणि बाजूला सहज वाकतो, वर मात्र सहसा हात घालत नाही.

हे आडवे अंतर वारा नसताना मोजून भागत नाही. वाऱ्याने तार जास्तीत जास्त जितकी बाजूला झुलेल, त्या स्थितीत ते शिल्लक राहिले पाहिजे. शिवाय ‘जवळचा बिंदू’ म्हणजे भिंत नव्हे. छज्जा, बाहेर काढलेली जाळी, कपडे वाळत घालण्याचा दांडा, नंतर बसवलेले पत्र्याचे छपर, हे सगळे इमारतीचेच भाग धरायचे. बाल्कनीला बाहेरच्या बाजूने दीड फुटाची लोखंडी जाळी बसवली, की १.२ मीटरपैकी जवळजवळ अर्धा मीटर खर्ची पडतो, आणि हे बसवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

उन्हाळ्यात तार खाली आल्यासारखी दिसते. तो भास असतो का?

भास नसतो. दोन खांबांमधील तार कधीच सरळ रेषेत नसते, तिला झोळ असतो, आणि तो तारेच्या तापमानाबरोबर बदलतो. अॅल्युमिनियम एका अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर प्रसरण पावते. हा आकडा नगण्य वाटतो, म्हणून एक उदाहरण करून पाहू. खांबांमधील अंतर ५० मीटर आणि थंडीतील झोळ अर्धा मीटर आहे. ऊन आणि विद्युतभार या दोहोंमुळे तार ४० अंशांनी तापली, तर तिची लांबी जेमतेम साडेचार सेंटिमीटरने वाढते. परंतु ही वाढलेली लांबी दोन खांबांमध्ये जाणार कुठे? ती खाली उतरते. भूमितीने हिशोब केला, तर झोळ अर्ध्या मीटरवरून एक मीटरच्या आसपास जातो. दोन-तीन बोटे लांबी वाढली आणि तार मध्यावर हातभर खाली आली.

त्यातच झोळ हा खांबांमधील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताण तोच ठेवून अंतर दुप्पट केले तर झोळ चौपट होतो. मधला एखादा खांब कलला किंवा काढून टाकला की तार एकदम लोंबू लागते, ती याचमुळे. म्हणूनच सर्व उभी अंतरे जास्तीत जास्त झोळ गृहीत धरून मोजायची असतात. हिवाळ्यातल्या सकाळी पाच मीटर भरलेली तार मेच्या दुपारी तेवढी भरेलच असे नाही.

उंची घरच्या घरी मोजता येते का?

येते, मात्र तारेकडे काहीही वर न नेता. धातूची टेप, बांबू, पाइप, दोरीला बांधलेले वजन, यांपैकी काहीही तारेपर्यंत उंचावू नये. कापडी टेपमध्येही कधीकधी धातूचे धागे असतात, आणि बांबू ओला असला की विजेच्या दृष्टीने तो भरवशाचा राहत नाही.

जमिनीवर उभे राहून करण्याजोगी एक जुनी युक्ती आहे. चौरस कागद कर्णावर दुमडला की ४५ अंशांचा कोन मिळतो. दोन खांबांच्या बुंध्यांना जोडणाऱ्या रेषेवर, जिथे तार सर्वांत खाली आहे तिथे, जमिनीवर खूण करावी. त्या खुणेपासून तारेला काटकोनात मागे मागे जात राहावे. कागदाची खालची कड आडवी, डोळ्याच्या पातळीत धरली असता तिरकी कड जेव्हा बरोबर तारेला लागेल, तेव्हा थांबावे. आता खुणेपर्यंतचे जमिनीवरील अंतर मोजावे आणि त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवावी. अंतर ३ मीटर १० सेंटिमीटर आणि डोळे दीड मीटरवर असतील, तर तार ४ मीटर ६० सेंटिमीटरवर आहे. जमीन सपाट हवी, आणि पंधरा-वीस सेंटिमीटरची चूक गृहीत धरावी. तक्रार करायची की नाही हे ठरवायला एवढी अचूकता पुरते. नेमके मोजमाप वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीचे कर्मचारी त्यांच्या उपकरणाने करतील.

तारेवर काळे आवरण आहे. मग ती जवळ असली तरी चालेल का?

आवरण आणि इन्सुलेशन हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, आणि तिथेच घोटाळा होतो. काही तारांवरील थर केवळ ऊनपावसापासून धातूचे रक्षण करण्यासाठी असतो. स्पर्श सहन करण्याची त्याची क्षमता तपासलेली नसते. चांगले इन्सुलेशनही वर्षानुवर्षे उन्हात राहून ठिसूळ होते, त्याला बारीक भेगा पडतात, आणि पावसाचे पाणी त्या भेगांतून धातूपर्यंत पोहोचते. जमिनीवरून तार गुळगुळीत दिसते, भेगा दिसत नाहीत. त्यामुळे प्रत्येक तार उघडी आणि चालू आहे, असेच धरून वागावे.

नियमांत मात्र एक सवलत आहे. कमी दाबाच्या तारेला ठरवलेले अंतर मिळत नसेल, तर ती पुरेशा इन्सुलेशनची असावी आणि आर्थिंग केलेल्या, किमान ३५० किलो तुटण्याच्या क्षमतेच्या आधारतारेला ठरावीक अंतरावर धातूच्या क्लिपांनी बांधलेली असावी. आधारतारेवर पीळ दिलेली एरियल बंच केबल ही याच कल्पनेची आजची सुधारित आवृत्ती म्हणता येईल. दाट वस्तीत उघड्या तारांपेक्षा ती निःसंशय बरी.

घरात आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आहे. बाहेरच्या तारेचा धक्का बसला तर तो वाचवेल का?

नाही. आरसीसीबी, एमसीबी (प्रवाह फार वाढला की पुरवठा तोडणारा स्विच), मेन स्विच ही सर्व साधने मीटरच्या पुढे, घराच्या बाजूला असतात. सर्व्हिस वायर त्यांच्या आधी येते, त्यामुळे घरातील मेन स्विच बंद केला तरी छपरावरून येणारी तार चालूच राहते. खांबावरील फ्यूज कित्येक अँपिअरच्या प्रवाहाने वितळतो, तर माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला शंभर मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही पुरेसा असतो. म्हणजे धक्का बसत असतानाही त्या फ्यूजच्या दृष्टीने काहीच विशेष घडत नसते.

अंतर कमी आहे. घरमालकाने स्वतः काय करावे?

तारेला हात लावण्यासारखे काहीही करू नये. ती दोरीने बाजूला ओढून बांधणे, खिळ्याला अडकवणे, लाकडाचा टेकू देणे, हे सगळे प्रकार पाहायला मिळतात आणि सगळेच चुकीचे आहेत. बाल्कनीसमोरच्या तारेवर प्लॅस्टिकचा पाइप चिरून चढवण्याची पद्धतही बरीच दिसते. पाइपाच्या चिरेतून आणि टोकांतून पाणी आत जाते, तो वाऱ्याने सरकतो, आणि मुख्य म्हणजे तो पाहून घरातील माणसे निर्धास्त होतात. तार जवळ आहे हे दाखवणारी खूण एवढीच त्याची किंमत.

खरे उपाय पुरवठादाराच्याच हातचे असतात. झोळ काढून तार ताणणे, मध्ये खांब घालणे, उंच खांब बसवणे, उघड्या तारांऐवजी बंच केबल टाकणे, वाहिनी रस्त्याच्या पलीकडे सरकवणे किंवा जमिनीखालून नेणे. यांपैकी नुसते ताणून भागेल असे सांगितले गेल्यास थोडे सावध असावे, कारण जास्त ताणलेली तार थंडीत आखडून आणखी ताणली जाते आणि खांबाला किंवा त्याला ताठ धरणाऱ्या ताणतारेला ओढून कलवू शकते.

वरचा मजला वाढवायचा आहे. केव्हा विचारावे?

नकाशा काढण्याच्या वेळी. नव्या बांधकामामुळे तारेचे अंतर कमी होणार असेल, तर बांधणाऱ्याने पुरवठादाराला आणि विद्युत निरीक्षकाला (विद्युतसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) आधी लेखी कळवावे, आणि वाहिनी हलवण्याचा खर्च बांधणाऱ्याने सोसावा, असे भारतीय नियमांचे धोरण आहे. ते न्याय्यच वाटते, कारण तार आधीची आहे.

बांधकाम पूर्ण झाल्यावर अंतर किती उरेल, एवढाच विचार पुरत नाही. बांधताना काय होईल, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. स्लॅबच्या वर सोडलेल्या स्तंभाच्या सळया, परांचीचे उभे नळ, काँक्रीट वर चढवणारी यंत्रे, हे सारे तयार घराच्या कडेबाहेर आणि वर जाते. बारा मीटरची सळई दोघांनी खांद्यावरून वळवताना तिचे मागचे टोक कुठे फिरते आहे, हे पुढच्याला दिसत नाही. काम तारेजवळ असेल तर पुरवठा बंद करून घ्यावा, आणि तो लेखी घ्यावा. ‘आत्ता बंद केली आहे’ हा फोनवरचा निरोप पुरेसा नाही. बंद केलेल्या तारेतही कोणाच्या तरी जनरेटरमधून किंवा इन्व्हर्टरमधून उलटी वीज येऊ शकते, म्हणून कामाच्या जागी तारांना तात्पुरते आर्थिंग करतात. ते झालेले डोळ्यांनी पाहून मगच काम सुरू करावे.

रंगकाम आणि किरकोळ दुरुस्तीसाठी काही ठोकताळा आहे का?

अमेरिकेत ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारांपासून प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने आणि तिच्या हातातील वस्तूने १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर दूर राहावे, असा कामगारसुरक्षेचा नियम आहे. घरकामासाठी तो कुठेही वापरावा. शिडीच्या बाबतीत मोजताना ती भिंतीला टेकवलेली असतानाचे अंतर धरू नये. ती उभी करताना कलंडली तर तिचे टोक कुठवर पडेल, ते धरावे. अॅल्युमिनियमऐवजी फायबरग्लासची शिडी घ्यावी, मात्र ती कोरडी आणि स्वच्छ असेल तोवरच तिचा उपयोग.

टेलिफोनच्या किंवा टीव्ही केबलच्या तारा खाली लोंबतात. त्याही धोकादायक आहेत का?

एरवी नाहीत. परंतु त्या त्याच खांबांवरून जात असतील आणि वर कुठेतरी विजेच्या तारेला घासत असतील, तर त्यांच्यातही तोच दाब येतो. खालून पाहून हे कळत नाही.

तार तुटून अंगणात पडली तर?

ती ठिणग्या टाकत नसली तरी चालू आहे असे समजावे. किमान १० मीटर दूर राहावे, इतरांना दूर ठेवावे आणि पुरवठादाराला कळवावे. पडलेल्या तारेभोवतीच्या जमिनीत विद्युतदाब अंतरागणिक कमी होत जातो, त्यामुळे लांब पाऊल टाकणाऱ्याच्या दोन पायांमध्ये दाबाचा फरक पडतो आणि प्रवाह शरीरातून जातो. जवळच सापडल्यास पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घसटत बाहेर पडावे. वाहनावर तार पडली असेल आणि आग लागलेली नसेल, तर आतच बसून राहावे.

तक्रारीत काय लिहावे?

‘तार खूप खाली आली आहे’ एवढे लिहिल्याने तक्रार गठ्ठ्यात जाते. दोन्ही बाजूंच्या खांबांचे क्रमांक, तार रस्त्यावरून जाते की गच्चीवरून, अंदाजे मोजलेले अंतर, ते कशापासून मोजले आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे लिहावे. जमिनीवरून काढलेले छायाचित्र जोडावे, आणि त्यात तारेबरोबर कठडा किंवा खिडकी दिसेल असे पाहावे, म्हणजे अंतराचा अंदाज येतो. छायाचित्रासाठी तारेजवळ जाऊ नये, आणि विशेषतः लांब काठीला मोबाइल लावून तो वर करू नये. पोच घेऊन ठेवावी. दोन आठवड्यांत काही हालचाल झाली नाही, तर त्याच पोचेचा क्रमांक देऊन विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करता येतो.